वेल्डरकडून वेल्डिंग इन्स्पेक्टरकडे : प्रशिक्षण नेमके कशाचे घ्यायचे?

रूटपास_चाकण

नमस्कार मंडळी.

माझे वय २८ आहे. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचे एक वर्ष पूर्ण केल्यानंतर चाकण परिसरातल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी सहा वर्षे वेल्डर म्हणून काम करतो आहे, आणि नोकरी सांभाळून मेकॅनिकलचा डिप्लोमाही गेल्या वर्षी पूर्ण केला. ६जी पोझिशनला, म्हणजे ४५ अंशांत बांधलेल्या पाइपवर, माझी चाचणी उत्तीर्ण झालेली आहे. आता मला वेल्डिंग इन्स्पेक्टर व्हायचे आहे. चौकशीला गेलो तेव्हा एका प्रशिक्षण संस्थेने दहा दिवसांत पाच सर्टिफिकेटे आणि आखातात नोकरीची हमी असे पॅकेज सांगितले. पैसे भरण्याआधी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढतो आहे.

हा निर्णय का घेतला, तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात ४० मिमी जाडीच्या प्लेटचे काम आमच्याकडे होते. रात्रपाळीत ७०१८ या वेल्डिंग रॉडचे, ओल लागू नये म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचे असते ते, पाकीट ओव्हनबाहेर उघडेच राहिले आणि सकाळी तेच रॉड माझ्या हाती आले. मला शंका आली होती. पण गाडी उभी होती, सुपरवायझरने घाई केली आणि मी काम सुरू केले. इन्स्पेक्टर संध्याकाळी आले, त्यांनी टॉर्च लावून सांधा नीट पाहिला आणि सही केली. त्यांनी पाहण्यात काहीच कसूर केलेली नव्हती, कारण मी शेजारी उभा होतो. तिसऱ्या दिवशी ग्राहकाच्या माणसाने डीपी टेस्ट (लाल द्रव झिरपवून पृष्ठभागावरच्या भेगा दाखवणारी पेनिट्रंट चाचणी) मागितली, तेव्हा पांढऱ्या डेव्हलपरवर सांध्याच्या कडेला केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली, आणि बघता बघता ती १४ सेंटिमीटर लांब झाली. सगळा सांधा गाउज करून, म्हणजे खोदून काढून, पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : डोळ्यांना संध्याकाळी जे दिसले नाही, ते चांगल्या इन्स्पेक्टरला कधी आणि कसे कळले असते?

कोणते प्रशिक्षण घ्यावे, कोणत्या क्रमाने घ्यावे आणि सर्टिफिकेट हाती येईपर्यंत शॉपमध्ये राहून काय शिकता येईल, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

—

पाइपलाइन_जुबैल

आपल्या शेवटच्या प्रश्नातच प्रशिक्षणाचा गाभा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. मी मूळचा चिपळूणचा. हजीरा येथे क्यूसी (गुणवत्ता तपासणी) हेल्पर म्हणून कामाला लागलो आणि गेली अनेक वर्षे सौदी अरेबियात जुबैल येथे पाइपिंगची तपासणी करतो आहे. तुमच्या शॉपमध्ये आलेले इन्स्पेक्टर संध्याकाळी आले, तिथेच ती तपासणी हुकली होती. ते सकाळी आले असते आणि त्यांनी पहिला प्रश्न ओव्हनच्या नोंदवहीबद्दल विचारला असता, तर तो सांधा सुरूच झाला नसता. वेल्डिंगची तपासणी वेल्डिंगपूर्वी, वेल्डिंग चालू असताना आणि वेल्डिंग झाल्यावर, अशा तीन वेळी होते. नवशिक्यांना यातली तिसरी वेळच तपासणी वाटते. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम पहिल्या वेळी होते, आणि ज्या दोषांची सर्वांत जास्त भीती बाळगावी, ते दोष तिथेच रोखता येतात.

पहिल्या वेळी काय पाहायचे, हे कागदावरून सुरू होते. डब्ल्यूपीएस मागायचा आणि त्याच्यामागे पीक्यूआर आहे की नाही ते पाहायचे, कारण डब्ल्यूपीएस म्हणजे कृती आणि पीक्यूआर म्हणजे ती कृती चाचणीत टिकल्याचा पुरावा. त्यानंतर वेल्डरची पात्रता पाहायची. अ‍ॅस्मे सेक्शन नऊ या अमेरिकन कोडप्रमाणे एखाद्या वेल्डरने सहा महिने ती प्रक्रिया वापरलीच नसेल, तर त्याची पात्रता संपते. म्हणून केवळ कार्ड पाहून भागत नाही, कंटिन्युइटीची नोंद पाहावी लागते. प्लेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाचा बॅच क्रमांक, आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर जुळवायचा. मग फिटअप, म्हणजे तुकड्यांची जुळणी : बेव्हलचा (कडेच्या उताराचा) कोन, रूट गॅप (तळाशी दोन तुकड्यांमधली फट), रूट फेस (तळाची सपाट कड) आणि हाय-लो (दोन तुकड्यांतला उंचीचा फरक). प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगपूर्वी प्लेट तापवणे, सांगितलेला असेल, तर तो कुठे मोजायचा हेही कोडमध्येच असते. एडब्ल्यूएस डी१.१ या पोलादी बांधकामाच्या अमेरिकन कोडमध्ये वेल्डच्या जागेपासून सर्व दिशांना प्लेटच्या जाडीइतक्या, पण किमान ७५ मिमी अंतरापर्यंत तो तापमानाला आलेला असावा लागतो. गॅस टॉर्चची ज्योत जिथे लागते आहे तिथेच थर्मल चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) फिरवून खूण वितळली असे म्हणणारे मी खूप पाहिले आहेत. त्या खुणेने ज्योतीचे तापमान कळते, प्लेटचे कळत नाही.

दुसऱ्या वेळी अँपिअर, व्होल्ट आणि प्रवासाचा वेग मोजायचा. तुम्ही वेल्डर आहात, तेव्हा उद्याच हे करून पाहा. २४ व्होल्ट आणि १२० अँपिअरवर मिनिटाला १५० मिमी वेगाने पास टाकला, तर हीट इनपुट दर मिमीला सुमारे १.१५ किलोज्यूल येतो. त्याच सेटिंगवर रुंद वीव्ह करत, म्हणजे रॉड आडवा हलवत, मिनिटाला ८० मिमी गेलात, तर तो २.१६ होतो. मशीनवरचा आकडा एकच राहिला आणि पोलादाला मिळालेली उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने, घड्याळ आणि पट्टी घेऊन केले की डब्ल्यूपीएसमधल्या त्या रकान्याचा अर्थ कधी विसरत नाही.

आता सर्टिफिकेट. आखातात, जहाजबांधणीत आणि युरोपीय कोडच्या कामांत टीडब्ल्यूआय या ब्रिटिश संस्थेची सीस्विप ३.१ विचारली जाते. अमेरिकन कोडच्या कामांत एडब्ल्यूएस या अमेरिकन वेल्डिंग संस्थेची सीडब्ल्यूआय चालते. सीस्विपमध्ये ३.० ही व्हिज्युअल इन्स्पेक्टरची पायरी, ३.१ वेल्डिंग इन्स्पेक्टरची आणि ३.२ सीनियरची. ३.१ साठी संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो दुसऱ्या कोणीतरी सही करून प्रमाणित करायचा असतो. परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष नमुन्यांची तपासणी आणि मॅक्रोचे (सांध्याच्या कापलेल्या छेदाचे) मूल्यमापन असते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक भागात किमान ७० टक्के गुण लागतात. सीडब्ल्यूआयचे तीन भाग आहेत : मूलतत्त्वे, प्रात्यक्षिक आणि कोड बुकचा वापर. तिथे प्रत्येक भागात ७२ टक्के लागतात. प्रात्यक्षिकात वेल्डच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती हाती देतात, आणि कोडच्या भागात पुस्तक उघडून उत्तरे शोधायची असतात. पुस्तक उघडे असल्यामुळे सोपे जाईल, असे कृपया समजू नका. वेळ पुस्तकाची पाने उलटण्यातच जातो. शिक्षण जितके कमी, तितका अनुभव जास्त मागतात. डोळ्यांची चाचणीही दोन्हीकडे आहे. सीडब्ल्यूआयसाठी १२ इंचांवरून जेगर जे२ आकाराची अक्षरे वाचता आली पाहिजेत, चष्म्यासह चालते. सीस्विपचे नूतनीकरण पाच वर्षांनी, सीडब्ल्यूआयचे तीन वर्षांनी.

दहा दिवसांत पाच सर्टिफिकेटे देणाऱ्या संस्थेकडून नेमकी कोणती सर्टिफिकेटे आणि ती कोणाच्या सहीची, हे लेखी घ्या. सीस्विप किंवा सीडब्ल्यूआय त्यांत असेल, तर परीक्षेची नोंदणी त्या मूळ संस्थेकडे तुमच्या नावाने झालेली दिसली पाहिजे. नोकरीची हमी कोणतीही परीक्षा देत नाही.

—

कोल्हापूरकर_टँक

काकांनी लिहिलेले सगळे खरे आहे, पण एक व्यवहाराची बाजू मांडतो. मी शिरोली एमआयडीसीत पाच वर्षे क्यूसीमध्ये होतो, काम मला येत होते, तरीही बाहेरच्या प्रकल्पांसाठी माझा अर्ज पुढे सरकत नव्हता, कारण बायोडेटा चाळणाऱ्याला फक्त सीस्विप हे अक्षर हवे असते. सर्टिफिकेट मिळाले आणि तीन महिन्यांत बोलावणे आले. त्यामुळे आधी सगळे शिकून घेईन आणि मग परीक्षा देईन, असे म्हणत वर्षे घालवू नयेत. तारीख आधी ठरवावी आणि अभ्यास त्या तारखेला बांधून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

—

धातुपारखी

मी तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवतो. मूळ धाग्यातल्या प्रसंगामागचे शास्त्र लिहितो, कारण इन्स्पेक्टर होऊ पाहणाऱ्या माणसाने यात सर्वांत जास्त वेळ घालवला पाहिजे आणि नेमका इथेच तो घाईने पुढे जातो.

७०१८ या क्रमांकातले ७० म्हणजे दर चौरस इंचाला ७०,००० पौंडांची ताणशक्ती, १ म्हणजे सर्व पोझिशन, आणि शेवटचा अंक सांगतो की कवच लो-हायड्रोजन प्रकारचे आहे. हे कवच हवेतली ओल शोषून घेते. कोकणात आणि मावळात जुलै महिन्यात हवेची दमट अवस्था आपल्याला ठाऊकच आहे. ओल आर्कमध्ये फुटते आणि तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत जातो. सांधा थंड होताना हा हायड्रोजन शेजारच्या उष्णताबाधित पट्ट्यात, ज्याला आपण हॅझ म्हणतो, तिथे सरकतो. प्लेट जाड असली की ती सांध्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून तो पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. जाड प्लेट हलत नाही, म्हणून ताणही तिथेच साठतो. हायड्रोजन, कडक रचना आणि ताण एकत्र आले, आणि तापमान साधारण २०० अंशांच्या खाली उतरले, की भेग जन्म घेते. हायड्रोजनला साठायला वेळ लागतो, म्हणून ती काही तासांनी किंवा काही दिवसांनी येते. धागाकर्त्याच्या सांध्यात संध्याकाळी ती भेग बहुधा अस्तित्वातच नव्हती. जगातल्या कोणत्याही डोळ्याला ती दिसली नसती. एडब्ल्यूएस डी१.१ मध्ये ए५१४ सारख्या उच्च ताकदीच्या पोलादाची स्वीकृती वेल्डिंग संपल्यावर किमान ४८ तासांनी केलेल्या तपासणीवरच द्यावी, असे म्हटले आहे, ते याच कारणाने.

प्रीहीट लागेल की नाही, याचा अंदाज कार्बन इक्विव्हॅलंटवरून येतो : कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल आणि तांब्याची बेरीज भागिले १५. आकडा वाढत गेला की पोलाद कडक होण्याची प्रवृत्ती वाढते. तुमच्या शॉपमध्ये येणारी टेस्ट सर्टिफिकेटे घ्या आणि रोज एक आकडा काढा. महिनाभरात कोणत्या प्लेटला प्रीहीट लागेल, हे हिशेब करण्याआधीच तुम्हाला जाणवू लागेल.

आणखी एक घटना प्रत्येक शिकाऊ इन्स्पेक्टरने मन लावून वाचावी. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात अलेक्झांडर एल. कीलँड हा निवासी प्लॅटफॉर्म उलटला आणि २१२ जणांपैकी १२३ जणांचा मृत्यू झाला. पाच पायांपैकी एका पायाला धरून ठेवणारी आडवी नळी तुटली होती. तिची भेग कुठून निघाली? त्या नळीला एक छोटे हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारे) उपकरण बसवायचे होते, आणि त्याचा आधार केवळ ६ मिमीच्या फिलेट वेल्डने, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या वेल्डने, जोडलेला होता. त्या आधारावर कोणताही मोठा भार नव्हता, म्हणून त्या वेल्डकडे कोणी भार पेलणारा सांधा म्हणून पाहिले नाही. चौकशीत त्या भेगेच्या आत रंगाचे अंश सापडले, म्हणजे रंग दिला गेला त्या वेळी, बांधणीच्या काळातच, भेग तिथे होती. नंतर लाटांच्या आघातांनी ती फटीग होऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून, नळीभर फिरली. लिफ्टिंग लग, नेमप्लेटचा ब्रॅकेट, तात्पुरते टॅक काढल्यानंतरच्या जागा हे सारे कामच नाही असे मानून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हाच प्रसंग सांगतो.

—

रूटपास_चाकण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. धातुपारखी सरांनी लिहिलेले मी आमच्या सुपरवायझरना वाचून दाखवले, आणि आमच्याकडे आजपासून ओव्हनशेजारी वही टांगली आहे.

दोन शंका आहेत. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले, त्यामुळे परीक्षेच्या इंग्रजीची धास्ती वाटते. दुसरी शंका अशी की लोक म्हणतात आधी एनडीटी (सांधा न तोडता दोष शोधण्याच्या चाचण्या) लेव्हल टू कर, इन्स्पेक्टर नंतर हो. हा क्रम बरोबर आहे का?

—

फिल्मवाचक

एनडीटीबद्दल मी लिहितो, कारण माझे आयुष्य रेडिओग्राफीच्या फिल्मी वाचण्यात गेले आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लेव्हल टू हे एसएनटी-टीसी-१ए या शिफारशीच्या आधारे दिले जाते. त्यात सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या संस्थेची असते, तिच्या लेखी पद्धतीनुसार. म्हणजे प्रशिक्षण संस्थेचा कागद हा तुम्ही प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा झाला. तुम्ही दुसऱ्या कंपनीत गेलात की ती तुम्हाला पुन्हा तपासून घेऊ शकते. आयएसओ ९७१२ मध्ये मात्र स्वतंत्र संस्था प्रमाणित करते. हा फरक न सांगता पाच लेव्हल टू एकत्र विकले जातात, आणि गावाकडून आलेली मुले कर्ज काढून ते घेतात, याचे मला फार वाईट वाटते. अल्ट्रासॉनिकसारख्या पद्धतीत हात बसायला महिने लागतात, आणि तो हात दोन दिवसांच्या वर्गात बसत नाही.

इन्स्पेक्टरला सुरुवातीला पुरेशा आहेत त्या व्हिज्युअल, पेनिट्रंट आणि मॅग्नेटिक पद्धती, आणि शक्य असल्यास फिल्म वाचनाचा आरटीएफआय. रेडिओग्राफीचा स्रोत स्वतः हाताळणे हा वेगळाच मार्ग आहे. इरिडियम-१९२ सारख्या स्रोतांवर एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बिल्ला लावल्याशिवाय काम करता येत नाही. कोणी हे सारे एका आठवड्यात शिकवतो म्हणाला, तर तिथून उठून यावे.

फिल्म वाचायला शिकताना मात्र एक सवय लावून घ्या. दोष शोधण्याआधी फिल्मची योग्यता पाहा : पेनिट्रामीटरची (फिल्मचा दर्जा दाखवणाऱ्या पट्टीची) ठरलेली तार दिसते का, डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) मर्यादेत आहे का, सांध्याचा क्रमांक आणि वेल्डरचा क्रमांक आहे का. स्वच्छ दिसणारी फिल्म चुकीच्या सांध्याचीही असू शकते. मी एकदा अशा दोन फिल्मी शेजारी ठेवल्या होत्या, क्रमांक वेगळे आणि आतले ठिपके तंतोतंत तेच. एकाच सांध्याचे दोनदा चित्र काढून दुसरा सांधा पूर्ण दाखवला होता. त्या दोन्ही सांध्यांच्या फिल्मी मी पुन्हा काढायला लावल्या.

क्रमाबद्दल विचारलेत म्हणून सांगतो : तुम्ही वेल्डर आहात, तेव्हा व्हिज्युअल आणि पेनिट्रंटने सुरुवात करून सरळ सीस्विपकडे जा.

—

आवक_तपासणी

मी तळेगावच्या बाजूला प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात क्यूसी इंजिनिअर आहे. इंग्रजीच्या शंकेबद्दल लिहिते, कारण मीही लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून आले आहे. या विषयाचे इंग्रजी मर्यादित आहे, दादा. साधारण तीनशे शब्द आले की प्रश्नपत्रिका समजते, आणि त्यातले अर्धे तुम्ही रोज बोलता : अंडरकट, ओव्हरलॅप, पोरोसिटी, क्रेटर, स्पॅटर, लॅक ऑफ फ्यूजन. मी एका वहीत डावीकडे शब्द लिहिले, समोर चित्र काढले आणि खाली मराठीत कारण लिहिले. उदाहरणार्थ, लॅक ऑफ साइडवॉल फ्यूजन : बेव्हलची भिंत वितळलीच नाही, धातू तिच्यावर नुसता टेकला. ज्याला कारण मराठीत लिहिता येते, त्याला उत्तर इंग्रजीत ओळखता येते.

दुसरी गोष्ट कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. वेल्डरमधून इन्स्पेक्टर झालेला माणूस दोषाचे कारण झटकन ओळखतो, ही त्याची मोठी ताकद आहे. पण कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांचाच सांधा नाकारताना त्याचा हात थांबतो. माझ्या पहिल्या नोकरीत महिनाअखेरीला नऊ नोझलच्या फिलेट वेल्डवर सही करायची होती. लेग (कोपऱ्यापासून वेल्डच्या कडेपर्यंतची लांबी) ८ मिमी मागितला होता आणि गेजवर ८ मिमी बरोबर भरत होता. पण चेहरा खोलगट होता, म्हणून थ्रोट, म्हणजे कोपऱ्यापासून चेहऱ्यापर्यंतची जाडी, मोजला. ८ मिमी लेगला तो साधारण ५.६ मिमी यायला हवा. चार नोझलवर तो ४.५ च्या आसपास होता. वरिष्ठ म्हणाले, लेग आहे ना, सही कर. मी सही केली नाही. मोजलेले आकडे, गेजचा क्रमांक आणि ड्रॉइंगचा क्रमांक लिहून एनसीआर (त्रुटीचा लेखी अहवाल) काढला आणि ग्राहकाच्या प्रतिनिधीला दिला. त्या रात्री दीड वाजेपर्यंत चारही नोझल भरून झाले आणि ज्या वेल्डरने ते केले, त्याने नंतर मला थ्रोट कसा मोजायचा ते विचारले. माझ्याकडे तेव्हा आकडा नसता, फक्त मत असते, तर मला सही करावी लागली असती. म्हणून गेज वापरायची सवय परीक्षेसाठी नव्हे, अशा रात्रीसाठी लावा.

मर्यादाही डोक्यात ठेवू नका, कोडमधून काढा. ०.९ मिमी खोलीचा अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच, घ्या. स्थिर भाराच्या, २५ मिमीपेक्षा पातळ प्लेटला डी१.१ मध्ये १ मिमीपर्यंत चालतो, म्हणून तो स्वीकारायचा. तोच एपीआय ११०४ च्या पाइपलाइनवर असेल, तर ०.८ मिमीच्या वरचा अंडरकट चालत नाही, म्हणून नाकारायचा. आणि चक्रीय भाराच्या मुख्य सदस्यावर, ताणाच्या आडव्या दिशेतल्या सांध्यात, ०.२५ मिमीच्या वर चालत नाही. सांधा तोच, गेज तोच. काम कोणत्या कोडखाली आहे, हे विचारल्याशिवाय चांगला किंवा वाईट हा शब्द उच्चारू नये.

—

पाइपलाइन_जुबैल

आवक_तपासणी ताईंनी थ्रोटचा जो प्रसंग लिहिला आहे, तो मी माझ्याकडच्या शिकाऊ मुलांना वाचून दाखवणार आहे.

रूटपास, तुमच्यासाठी एक काम देतो. शॉपमधून ३०० मिमी लांबीची एक टाकाऊ बट वेल्ड (कडेला कड जोडलेली) प्लेट घ्या, शक्यतो नव्या मुलाने केलेली. टॉर्च सांध्याच्या अगदी लगत, जवळजवळ आडवी धरा, म्हणजे उंचसखल भागाच्या सावल्या पडतील; वरून सरळ उजेड टाकला की अंडरकट गडप होतो. एका तासात पाहा, मोजा आणि जे आढळले ते इथे लिहा.

—

रूटपास_चाकण

काका, काल रात्री पाळी संपल्यावर केले. प्लेट १२ मिमी, सिंगल व्ही (एकाच बाजूने भरलेला सांधा), एसएमएडब्ल्यू (रॉडचे हाताने केलेले वेल्डिंग). नोंद अशी :

कॅपची उंची २.५ ते ३.५ मिमी. अंडरकट ०.६ मिमी, लांबी ४० मिमी, स्वीकारार्ह. एक पोर, व्यास १.५ मिमी. प्लेटवर एक आर्क स्ट्राइक, किरकोळ. स्पॅटर बरेच. एकंदर सांधा चांगला आहे.

टॉर्च आडवी धरल्यावर अंडरकट जसा उठून दिसला, तसा तो सहा वर्षांत मला कधी दिसला नव्हता, हेही सांगतो.

—

पाइपलाइन_जुबैल

मोजमाप काळजीने केले आहे, हे दिसते. आता दुरुस्त्या सांगतो.

डेटम, म्हणजे मोजमापाचा आरंभबिंदू, कुठे आहे? प्लेटच्या कोणत्या टोकापासून मोजले, ते नोंदीत नाही. ४० मिमीचा अंडरकट त्या सांध्यावर कुठे शोधायचा, हे उद्या दुरुस्ती करणाऱ्याला कळणार नाही, आणि तो वेल्डच्या वरच्या कडेला आहे की खालच्या, हेही कळणार नाही. परीक्षेत असा दोष निम्मे गुण घेऊन जातो आणि साइटवर चुकीच्या जागी ग्राइंडर चालतो.

नोंदीत स्वीकारार्ह लिहिले, पण कोणत्या कोडप्रमाणे ते लिहिले नाही. निरीक्षण आणि निर्णय वेगळ्या रकान्यात ठेवा. आधी सगळे मोजून संपवा, मग कोड उघडा. आधी निर्णय मनात आला की डोळा त्या निर्णयाच्या सोयीचे तेवढेच पाहतो.

आर्क स्ट्राइकसाठी किरकोळ हा शब्द वापरू नका. त्या एका ठिपक्यावर पोलाद क्षणात तापून क्षणात थंड झालेले असते, म्हणजे सरांनी सांगितलेला कडक पट्टा तिथे प्लेटवर उघडाच तयार होतो. जागा लिहा, आणि ती घासून डीपी किंवा एमटी (मॅग्नेटिक चाचणी) करावी अशी शिफारस लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : तुम्ही सिंगल व्ही लिहिलेत, म्हणजे रूटची (सांध्याच्या तळाची) बाजू आहे. तिच्याबद्दल नोंदीत एक शब्दही नाही. दोष नव्हता म्हणून लिहिला नाही की प्लेट उलटवलीच नाही?

—

रूटपास_चाकण

काका, उलटवली नव्हती. आज जेवणाच्या सुट्टीत उलटवली. सुधारलेली नोंद देतो. डेटम : डावी कड, जिथे प्लेट क्रमांक पंच केलेला आहे.

कॅपची बाजू : कॅपची उंची किमान २.५, कमाल ३.५ मिमी. अंडरकट, वरची टो (वेल्डची कड), डेटमपासून ११२ ते १५२ मिमी, कमाल खोली ०.६ मिमी. पोर, वेल्डच्या मध्यरेषेवर, २०३ मिमी, व्यास १.५ मिमी. आर्क स्ट्राइक, खालच्या टोपासून २१ मिमी बाहेर, डेटमपासून ८८ मिमी. घासून डीपी करण्याची शिफारस. स्पॅटर, दोन्ही बाजूंना, पूर्ण लांबीत.

रूटची बाजू : रूट पेनिट्रेशनची कमाल उंची २ मिमी. अपुरे रूट पेनिट्रेशन, डेटमपासून ६७ ते ८९ मिमी, लांबी २२ मिमी. रूट फेसची मूळची कड न वितळता सरळ रेषेत दिसते.

हाच सांधा काल मी चांगला आहे असे लिहिले होते.